‘थांबलो’च्या पुढे

पीटरहेडच्या वाचनालयावरची खोली,
मंगळवार, सात ते नऊ.
हातांना माशांचा वास आहेच,
लिंबू चोळूनही न जाणारा.

आयलीन डुथी फळ्याच्या मधोमध रेघ ओढते.
डावीकडे ‘इंग’, उजवीकडे ‘टू’.
काही क्रियापदं डावीकडेच राहतात, ती सांगते:
एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश.
काही उजवीकडची: वाँट, होप, डिसाइड.
का पण? विझ्मा विचारते.
आयलीन चष्मा पुसते.
का असं काही नाही. पाठ करायचं.
तिचे वडील भरती-ओहोटीचं कोष्टक
असंच शिकवायचे.

हब्तोम वहीत दोन रांगा करतो
आणि त्याच्या लक्षात येतं
की जे अजून घडायचंय ते बहुतेक ‘टू’च्या काठाला आहे:
होप, प्लॅन, प्रॉमिस, वेट.
चार वर्षं झाली,
तो याच रांगेत राहतो.

खोलीत कोंदट झालंय.
खिडकी रंगाने चिकटून बसलेली.
आयलीनला आयतं उदाहरण मिळतं:
‘ट्राय ओपनिंग’ म्हणजे उघडून बघ, बरं वाटेल कदाचित.
‘ट्राय टू ओपन’ म्हणजे जोर लाव, उघडेलच असं नाही.
विझ्मा उठते, खांदा लावते,
दिवसभर बर्फाच्या पेट्या उचललेला खांदा.
टू, ती धापा टाकत म्हणते. अजून टूच.
सगळा वर्ग हसतो, खिडकी सोडून.

मग रिग्रेट.
इथे आयलीनचा आवाज जरा खाली येतो.
‘रिग्रेट टू’ पत्रांत असतं,
सरकारी, तपकिरी पाकिटातल्या.
आधी खेद, मागून बातमी.
माणसं मात्र ‘इंग’ लावतात,
बोलून गेल्यावर, करून बसल्यावर.
शिर्को मान हलवतो.
पहिला प्रकार त्याला पाठ आहे,
तीन पाकिटं आलीयत.

गेल्या आठवड्याच्या वह्या परत मिळतात.
‘स्टॉप’ वापरून एक वाक्य लिहा.
हब्तोमने लिहिलं होतं:
आय स्टॉप्ड टू टॉक टू माय ब्रदर.
‘टू टॉक’वर लाल रेघ,
वर ‘टॉकिंग’,
समासात बारीक अक्षरात: भांडलात का? मग इंग.
तिचा तरी काय दोष,
दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक करतो.

नऊला खुर्च्या सरकतात.
हब्तोम वही घेऊन टेबलाशी येतो.
टीचर, मी बोलायला थांबलो होतो.
वाळूत. गाडी पुढे होती, पाणी गाडीत.
भाऊ खाली बसला होता, एक बूट काढून.
मी म्हटलं, घाल.
तो म्हणाला, घालतो, तू हो पुढे.
मी किती वेळ थांबलो असेन,
नाडी बांधायला लागतो तेवढा.
ड्रायव्हरने हॉर्न दिला.

आणि मग? आयलीन विचारते,
विचारल्याचा तिला तेव्हाच पस्तावा होतो.

हब्तोम तिच्या लाल शब्दावर बोट ठेवतो.
मग हेही बरोबर आहे, टीचर.

लाल शाई खोडरबराने जात नाही.
ती दोन्ही शब्दांवर बरोबरची खूण करते,
दुसरी थोडी वाकडी येते.
तो थँक यू म्हणून जिना उतरतो, नीट, एकेक पायरी.

फळ्यावर ती पुढच्या मंगळवारचा शब्द लिहिते:
रिमेंबर.
दिवा घालवते.
बंदरावर वारा सुटलाय,
ट्रॉलरच्या दोऱ्या करकरतायत.
गाडीची किल्ली हातात घेऊन ती थबकते.
कुलूप लावायचं लक्षात होतं.
लावल्याचं आठवत नाही.

परत वर जाते.
दार बंद आहे.
तरी ती मूठ धरून
जरा वेळ उभी राहते.